बीपीटीएचचं पहिलं वर्ष: हालचालीपासून जीवशास्त्राकडे

नीटसाठी केलेल्या जीवशास्त्रातला बराच भाग फिजिओथेरपीला, म्हणजे बीपीटीएच या पदवीला, आल्यावर मागे पडतो. वनस्पतींचं वर्गीकरण, मेंडेलचे वाटाणे, परागीभवन यांतलं इथे कुणी काही विचारत नाही. उरतं ते माणसाचं शरीर, आणि तेही बारावीच्या पुस्तकात चार-पाच प्रकरणांत उरकलेलं. पहिल्या वर्षी हेच शरीर ॲनाटॉमी (रचना), फिजिऑलॉजी (कार्य) आणि बायोकेमिस्ट्री (रसायन) अशा तीन विषयांत वाटून समोर येतं. जोडीला कायनेसिऑलॉजी (हालचालींचं शास्त्र) आणि इलेक्ट्रोथेरपीची (विजेच्या साहाय्याने उपचार) तोंडओळख असते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम वेळोवेळी बदलतो, तेव्हा सीनियरची जुनी झेरॉक्स आधाराला धरू नका. कॉलेजकडून चालू वर्षाची प्रत घ्या आणि ती वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा.

मुलं अडतात ती बहुतेक एकाच जागी. तिन्ही विषय तीन वह्यांत राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. ॲनाटॉमीच्या वहीत क्वाड्रिसेप्सचे, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचे, उगम पाठ असतात, फिजिऑलॉजीच्या वहीत ॲक्टिन-मायोसिन या स्नायूतल्या दोन प्रकारच्या तंतूंची आकृती असते, पण जिना उतरताना मांडी का थरथरते असं विचारलं की वर्ग गप्प. म्हणून या लेखातला सगळा क्रम उलटा लावला आहे. आधी हालचाल घ्यायची, मग तिच्या पोटात शिरत स्नायू, नस (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) आणि पेशीपर्यंत जायचं. वाचलेल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे. यामुळे कोणती हालचाल होते? हे बिघडलं तर कोणती हालचाल अडते? दोन्हींचं उत्तर नसेल तर ती ओळ सध्या बाजूला ठेवायला हरकत नाही.

पायरी १: एक हालचाल निवडा आणि तिला सोलून काढा

तुम्ही रोज दादरचा पूल चढत असाल, तर तीच हालचाल घ्या. उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवला. आता शरीर वर उचलायचं आहे. गुडघा सरळ करण्याचं काम क्वाड्रिसेप्स करतो, खुबा सरळ करण्याचं कुल्ल्याचा मोठा स्नायू ग्लुटियस मॅक्सिमस. मागे राहिलेल्या डाव्या पायाची पोटरी, म्हणजे गॅस्ट्रॉक्नेमियस आणि सोलियस, टाच उचलून शेवटचा रेटा देते. इथपर्यंत सगळ्यांना जमतं.

गंमत पुढे आहे. डावा पाय हवेत गेला की कंबरेची डावी बाजू खाली लोंबायला हवी, पण ती लोंबत नाही. का? कारण जमिनीवर टेकलेल्या उजव्या पायाच्या बाजूचा, खुब्याच्या कडेचा स्नायू ग्लुटियस मीडियस, त्याच्या सोबतीला मिनिमस, ओटीपोटाचं हाड तोलून धरतो. या स्नायूंना सुपीरियर ग्लुटियल नस जाते. ती दुखावली तर टेकलेल्या पायाच्या विरुद्ध बाजूची कंबर खाली झुकते. हीच ट्रेंडेलेनबर्ग चाचणी. परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे बाजू: कमजोर स्नायू उजवा असेल तर झुकते डावी. स्वतः एका पायावर उभं राहून, खुब्यावर बोटं ठेवून कडक होणारा स्नायू चाचपून पाहिलात तर बाजू पुन्हा चुकणार नाही.

मग उतरायला लागा. उतरतानाही क्वाड्रिसेप्सच काम करतो, पण आखडत नाही, लांबत लांबत ताण धरतो. याला एक्सेंट्रिक काम म्हणतात. कळसूबाई १,६४६ मीटरचा. पावसाळ्यात तो चढून-उतरून आलेल्याला विचारा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या का भरून येतात. धाप लागली चढताना, पण मांड्यांचं दुखणं मुख्यतः उतरण्याचं असतं, कारण एक्सेंट्रिक कामात स्नायूतंतूंना बारीक इजा जास्त होते. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतं. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ हे उत्तर जिममध्ये आजही चालतं, पण रक्तातलं लॅक्टेट व्यायामानंतर साधारण तासाभरात पूर्ववत होतं. परवाच्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

अशा पाच-सहा हालचाली पहिल्या सत्रात पुरेत: जिना, मांडी घालून बसून उठणं, डोक्यावरून कुर्ता किंवा टी-शर्ट काढणं, पाण्याची बादली उचलणं, चालत्या लोकलमध्ये वरचा हँडल धरून उभं राहणं. प्रत्येकीसाठी वहीचं एक पान ठेवा. वर सांधा, मग स्नायू, मग नस, मग नसेचं मणक्यातलं मूळ. खाली मोकळी जागा सोडा. फिजिऑलॉजीचा तास झाला की त्या दिवशीचं जे बसतंय ते त्याच पानावर उतरवा.

पायरी २: हाड हातात, खूण अंगावर

बोन सेट मिळाला की पहिलं काम म्हणजे बाजू ओळखणं. मांडीचं हाड घ्या. गोल डोकं आत आणि वर, लिनिया ॲस्पेरा ही खरखरीत कड मागे. एवढं जुळलं की हाड उजवं की डावं ते आपोआप कळतं. क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याजवळचं आडवं हाड, सगळ्यांना छळतं. त्याचं आतलं टोक जाड-गोलसर, बाहेरचं चपटं, आणि बाहेरच्या टोकाजवळचा कोनॉइडचा उंचवटा खालच्या अंगाला.

प्रौढ माणसाची हाडं २०६, मणके ३३ (मानेचे ७, पाठीचे १२, कंबरेचे ५, जुळलेले ५ आणि माकडहाडाचे साधारण ४). हे आकडे लवकर पाठ होतात आणि फारसे कामाला येत नाहीत. कामाला येतं ते हाड कातडीखालून सापडणं. आयलायनरची पेन्सिल घ्या आणि मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या अंगावर, अर्थात परवानगी विचारून, खुणा करा. मान वाकवल्यावर सर्वांत ठळक वर येणारा मणका बहुधा सी-७ (सी मानेचा, टी पाठीचा, एल कंबरेचा, एस त्याखालचा जुळलेला). कंबरेवर दोन्ही हात ठेवले की हाडाची जी वरची कड लागते, तिला जोडणारी रेघ एल-४ च्या आसपास जाते. खांद्याच्या पात्याचं खालचं टोक साधारण टी-७ ला. घोट्याचं बाहेरचं हाड आतल्यापेक्षा जरा खाली आणि मागे असतं. पाय आतल्या बाजूला मुरगळण्याचं प्रमाण जास्त का, याचं अर्धं कारण इथेच सापडतं.

एक खूण मात्र आयुष्यभर उपयोगी पडेल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं लागतं. त्याच्या लगेच खाली हाडाची मान, आणि तिला वळसा घालून जाणारी कॉमन पेरोनियल नस. कातडी आणि हाड यांच्यामध्ये तिला गादी नाहीच म्हणा ना. प्लास्टर तिथे घट्ट झालं किंवा माणूस तासन् तास उकिडवा बसून काम करत राहिला तर ती चेपते, मग पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना पंजा आपटतो. फूट ड्रॉप तो हाच. प्लास्टर घातलेल्या रुग्णाला ‘पायाचा अंगठा वर करून दाखवा’ असं का सांगतात ते आता कळेल.

डिसेक्शन हॉलबद्दल थोडंच. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतील, पोटात काहीतरी असू द्या, मोबाइल बाहेर ठेवा. समोरचा देह कुणीतरी दिलेला आहे. तिथे फोटो आणि विनोद, दोन्ही नकोत.

पायरी ३: स्नायूच्या आत

इथे वेळ द्या. बाकी सगळं घाईत उरकलं तरी चालेल, हे नाही.

स्नायू आखडतो म्हणजे नक्की काय होतं, याचं आजचं उत्तर १९५४ मध्ये आलं. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ छापले गेले, एक अँड्र्यू हक्सली आणि निडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं. दोन्ही गटांचं म्हणणं एकच: ॲक्टिन-मायोसिनचे तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात.

सारकोमिअर हा सरकण्याचा सर्वांत लहान एकक, विश्रांतीत साधारण २ ते अडीच मायक्रोमीटर लांब. नसेकडून संदेश आला की स्नायूपेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, ॲक्टिनवरची झाकलेली जागा उघडी पडते. मायोसिनची डोकी तिथे पकड घेतात, ओढतात, सोडतात, पुढची जागा धरतात. रस्सीखेचीत हात आळीपाळीने दोर धरतात तसं. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागतो तो ओढण्यासाठीच, असं बहुतेकांना वाटतं. पण पकड सोडण्यासाठीही तो लागतो. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं ते यामुळेच: एटीपी संपला, पकड सुटत नाही.

आता हे हाताने पडताळा. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. जमत नाही. मनगट थोडं मागे झुकवा, मूठ लगेच भक्कम होते. बोटं वाकवणारे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, मनगट ओलांडून जातात. मनगट वाकवलं की स्नायू आधीच आखूड झालेला असतो, ॲक्टिन-मायोसिनला ओढायला योग्य जागाच उरत नाही. शिवाय मागचे बोटं सरळ करणारे टेंडन ताणले जाऊन आडवे येतात. फिजिऑलॉजीतला लांबी-ताण आलेख आणि कायनेसिऑलॉजीतली ॲक्टिव्ह इन्सफिशिअन्सी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे या एका मुठीत दिसतं. मनगटाची आधाराची पट्टी (स्प्लिंट) बनवताना ते थोडं मागे का ठेवतात, हेही.

मग मोटर युनिट. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे स्नायूतंतू. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका पेशीकडे जेमतेम दहा-पंधरा तंतू, पोटरीत हजाराच्या पुढे. बारीक काम आणि दांडगं काम यातला फरक एवढाच. जोर वाढवायचा झाला की आधी लहान युनिट कामाला लागतात, मोठी नंतर. म्हणून हलका व्यायाम करून मोठी, लवकर थकणारी युनिट जागी होत नाहीत. पुढे रुग्णाला किती वजन द्यायचं हे ठरवताना याच ओळीकडे परत याल.

पायरी ४: नस आणि तिचे आकडे

इथे काही आकडे पाठ हवेतच. विश्रांतीत चेतापेशीच्या आत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट, स्नायूपेशीत उणे ९० च्या आसपास. पेशीच्या आवरणातला पंप ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो. संदेश आला की सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर जातं.

वेगाचे आकडे पाठ करण्यापेक्षा अनुभवलेले बरे. गर्दीत कुणी पायाच्या बोटावर बुटाची टाच दिली की आधी चटकन टोचल्यासारखं होतं आणि क्षणभराने तो ठणका येतो. पहिली कळ मायलिनचं पातळ आवरण असलेल्या ए-डेल्टा तंतूंतून येते, सेकंदाला ५ ते ३० मीटर. ठणका आवरण नसलेल्या सी तंतूंतून, सेकंदाला जेमतेम अर्धा ते २ मीटर. पायाच्या बोटापासून मज्जारज्जूपर्यंत अंतर मीटरभर धरा आणि हिशेब करा. स्नायूंना हुकूम नेणारे जाड तंतू ७० ते १२० मीटर वेगाने धावतात.

नस दुखावली तर किती दुखावली, याचे ब्रिटिश शल्यचिकित्सक सेडनने केलेले तीन प्रकार लक्षात ठेवा. न्यूरॅप्रॅक्सियात तंतू शाबूत, फक्त संदेश अडतो. ॲक्झॉनॉटमेसिसमध्ये आतला तंतू तुटतो पण बाहेरची नळी टिकते. न्यूरॉटमेसिसमध्ये सगळंच तुटतं. दुसऱ्या प्रकारात तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. दंडातल्या रेडियल नसेची इजा स्नायूपासून २० सेंटिमीटरवर असेल तर २०० दिवस, म्हणजे साडेसहा महिने. तेवढा काळ मनगट लोंबतं ठेवून चालणार नाही. सांधे आखडू द्यायचे नाहीत, पट्टी द्यायची. रुग्ण ‘अजून किती दिवस?’ विचारतो तेव्हा उत्तर या एका मिलिमीटरमधून निघतं.

इलेक्ट्रोथेरपीचा पाया इथेच आहे. निरोगी स्नायू विजेच्या झटक्याने आखडतो तो बहुधा नसेमार्फत, आणि त्याला मिलिसेकंदाहूनही छोटा झटका पुरतो. नसच गेली असेल तर थेट स्नायूलाच उद्दीपित करावं लागतं, आणि त्यासाठी झटका बराच लांब, दहा-शंभर मिलिसेकंदांच्या घरातला हवा. यंत्रावरची बटणं पाठ करण्याआधी एवढं समजलं तर दुसऱ्या वर्षी डोकं कमी दुखेल.

मुंबईत या शिक्षणाची सुरुवातच नसेच्या एका रोगाने झाली. पोलिओची साथ आली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा उभी राहिली. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या शिंगातल्या मोटर पेशी मारतो. म्हणून स्नायू लुळा पडतो, बारीक होतो, पण स्पर्श आणि वेदना कळतात. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं, तरी लहानपणी पोलिओ झालेली मोठी माणसं आजही ओपीडीत येतात. लोअर मोटर न्यूरॉनच्या (मज्जारज्जूतून स्नायूकडे जाणाऱ्या चेतापेशीच्या) बिघाडाची लक्षणं पाठ करण्याऐवजी अशा एका माणसाचा पाय नीट पाहा. सोबत पक्षाघाताच्या रुग्णाचा पाहा, जिथे स्नायू कडक आणि रिफ्लेक्स वाढलेले असतात. दोन्ही एकाच दिवशी पाहिलेत तर उत्तम.

पायरी ५: भरून येण्याचं वेळापत्रक

रुग्णाला ऊतीचं नाव नको असतं, तारीख हवी असते. त्यासाठी रक्तपुरवठा पाहा. स्नायूला भरपूर, तो लवकर सावरतो. हाडालाही चांगला. मोडलं की आधी रक्ताची गाठ, मग मऊ कॅलस (मोडलेली टोकं सांधणारी नवी ऊती), मग कडक, मग महिनोन् महिने घडण. टेंडन-लिगामेंटला (लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा) कमी. सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या कार्टिलेजला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्याही नाहीत आणि नसाही नाहीत. त्याचं पोषण सांध्यातल्या सायनोव्हियल द्रवातून होतं, आणि सांधा दाबला-सोडला गेला तरच तो द्रव नीट आत-बाहेर होतो. गुडघा दुखतो म्हणून हलवायचाच नाही, हा सल्ला कार्टिलेजला उपाशी ठेवतो.

हाड भाराप्रमाणे घडतं, हे जर्मन शल्यचिकित्सक वुल्फने १८९२ मध्ये मांडलं. भार आला नाही तर हाड झिजतं, म्हणून महिना-दीड महिना प्लास्टरमध्ये राहिलेल्या पायाचा एक्स-रे फिकट दिसतो. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी पालिकेच्या रुग्णालयांत जखमी गोविंदांची रांग असते. तुम्हाला वॉर्डात डोकावायची परवानगी मिळाली तर एकाच दिवसात हाड, लिगामेंट आणि स्नायू, तिन्हींचं वेगळं वेळापत्रक समोर दिसेल.

पायरी ६: बायोकेमिस्ट्री, जेवढी लागते तेवढी

मला विचाराल तर या विषयात चार गोष्टी पक्क्या करा: एटीपी कुठून येतो, कोलॅजन कसं बनतं, कॅल्शियम-फॉस्फेट आणि ड जीवनसत्त्व, आणि प्रथिनांची झीज-भर. बाकी पास होण्यापुरतं.

फलाटाच्या टोकापासून सुटणारी लोकल पकडायला धावलात तर पहिल्या काही सेकंदांचा खर्च साठवलेला एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट देतात, साधारण दहा सेकंद. मग मिनिटभर-दोन मिनिटं ग्लायकोलिसिसचा, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर मोडण्याचा, वाटा मोठा. त्यापुढे ऑक्सिजनवरचा कारभार. डब्यात शिरल्यावरही धाप लागलेली राहते, कारण मघाचा खर्च अजून भरून काढायचा असतो. कोलॅजन पक्कं व्हायला क जीवनसत्त्व लागतं. हाड आणि टेंडनमध्ये पहिल्या प्रकारचं कोलॅजन, कार्टिलेजमध्ये दुसऱ्या.

हृदयाचं एक गणित मात्र याच वहीत लिहा: ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे सुमारे ५ लिटर. बरेच दिवस झोपून असलेल्या आजोबांना एकदम उभं केलं की रक्त पायात उतरतं, दाब पडतो, चक्कर येते. म्हणून आधी पलंगाच्या कडेला बसवायचं, घोटे वर-खाली करायला लावायचे, पोटरीचा पंप चालू करायचा, मग उभं करायचं.

पायरी ७: ओपीडीतली भाषा

पेपर इंग्रजीत, रुग्ण मराठीत आणि हिंदीत. ‘नस दबली’ हे रुग्णाचं निदान उतरवून घेऊ नका, पुढे विचारा. मुंग्या येतात का, कुठल्या बोटांत? खोकल्यावर कळ पायात जाते का? पोटरीत गोळा चालल्यावर येतो की रात्री झोपेत? सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं वाटतं? हाताचा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या म्हणजे मीडियन नसेकडे बघा. करंगळीत असतील तर अल्नर. टाचेवर चालता येत नसेल तर एल-४, एल-५ या नसांच्या मुळांचा संशय, चवड्यावर येत नसेल तर एस-१. गुडघ्याचा रिफ्लेक्स एल-३, एल-४, घोट्याचा एस-१.

पायरी ८: वायवा (तोंडी परीक्षा) आणि स्पॉटर्स (समोर ठेवलेला नमुना ओळखणं)

एक पाठ्यपुस्तक आणि एक ॲटलास पुरे. तिसरं पुस्तक सहसा कपाटात जातं. रोज रात्री कोऱ्या कागदावर एक स्नायू पुस्तक न बघता लिहा: उगम, शेवट, नस, काम, आणि शेवटी ‘हा गेला तर’. पाचवा रकाना सोडू नका, परीक्षक बहुधा तिथूनच पुढे जातात. आकृती सुंदर नको, नावं बरोबर हवीत.

वायवात हाड हातात दिलं की घाईने नाव सांगू नका. आधी ते स्वतःच्या अंगावर जसं असतं तसं धरा, बाजू सांगा, मग दोन ठळक खुणा, मग तिथे लागणारे स्नायू. उत्तर येत नसेल तर परीक्षकांना सरळ ‘सर, आठवत नाही’ म्हणा आणि जवळचं जे येतं ते सांगा. फिब्युला हाती आली तर तिच्या मानेवर बोट ठेवून तिथली नस आणि फूट ड्रॉप न विचारताच सांगून टाका. पुढचा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्यावरच येतो, आणि तो तुम्हाला येत असतो.